तीन वासांची बाग

सासरे गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी माझ्या नवऱ्याने आणि नणंदेने बाग वाटून घेतली. वाटणी झाल्यावर दोघंही खूश होते. समोरचा फसला, असं दोघांनाही वाटत होतं.

बाग काही फार मोठी नव्हे. दक्षिण आफ्रिकेच्या टोकाशी आमचं एलिम गाव; तिथल्या चर्चमागून ओढा उतरतो, त्याच्या पलीकडे समुद्राकडे तोंड केलेला एक उतार आहे. त्यावर वरपासून खालपर्यंत ओळी, सगळी पांढरी द्राक्षं, सोव्हिन्यों जातीची. माथ्यावर कॉफीच्या रंगाचा खडक जागोजागी वर आलेला. कुदळ मारली की ठिणगी उडते. तळाला काळी माती, पाय घातला तर बूट सोडत नाही.

फिलिपने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, तळ मागून घेतला. तो अंगाने थोराड. चर्चच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतो. त्याला सगळं भरघोस लागतं, ताटही आणि सूरही. तळाच्या वेली मनगटाएवढ्या, घड हातात मावत नाहीत. धाकटी बहीण ग्रीट केपटाउनच्या एका हॉटेलातलं स्वयंपाकघर सोडून नुकतीच घरी आली होती. तिच्या वाट्याला माथा आला.

"तुला दगड आले गं," फिलिप म्हणाला.

"येऊ देत. दगडांना तण येत नाही," ग्रीट म्हणाली. "तू आयुष्यभर वाकून खुरपत बस."

मधोमध चुन्याने रंगवलेले दगड मांडले. मा, म्हणजे माझी सासू, दारातल्या खुर्चीत बसून बघत होती. ती एवढंच म्हणाली, "चुना वाया घालवू नका, भिंती रंगवायच्यात."

आणि मी? मी दोन्हीकडची. सकाळी नवऱ्याच्या ओळीत, दुपारी नणंदेच्या. भाकऱ्या भाजायच्या त्या दोघांसाठी एकाच निखाऱ्यावर.

ऑक्टोबरात फुलोऱ्याच्या वेळी दक्षिणेचा वारा सुटला. आमच्याकडे वारा नवा नाही, पण त्या वर्षी तो थांबेचना. माथ्यावरचे कोवळे कोंब काड्यांसारखे मोडून पडले. ग्रीट डोक्याला फडकं घट्ट बांधून वेली तारेला बांधत राहायची, बोटं फुटून रक्त यायचं. तळाला ओढ्याकाठच्या झाडांच्या आडोशाने फिलिपच्या वेली मजेत वाढत होत्या. त्याने शेणखत टाकलं, पाणी दिलं, पुन्हा खत टाकलं. जानेवारीत त्याच्या ओळींमध्ये शिरलं की आत हिरवा अंधार. घड पानांमागे लपलेले, गारेगार.

"बघ डोरकस, याला म्हणतात बाग," तो मला म्हणायचा. "वर जाऊन बघ. कोंबडीची पिसं उपटल्यासारखी दिसते तिची."

खरंच तशी दिसायची. पानं कमी, घड लहान, मण्यांवर ऊन पडून पिवळसर झाक आलेली.

फेब्रुवारी लागला आणि वाइनरीतून मारलीन मॅडम आल्या. आमची द्राक्षं त्यांच्याकडे जातात, सासऱ्यांच्या वेळेपासून. इतर वर्षी त्या गाडीतून उतरायच्या, चार घड बघायच्या, साखर मोजायच्या आणि जायच्या. या वेळी मात्र त्यांनी बूट बदलले आणि माथ्यावरून सुरुवात केली.

एक मणी तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

"लगेच थुंकू नका," त्या आम्हाला म्हणाल्या. "साल दाढेखाली धरा. तोंडात ऊब लागू द्या. वास सालीत असतो."

आम्ही तिघं गाईंसारखे रवंथ करत उभे. मला आधी नुसतं आंबटगोड लागलं. मग नाकात मागून काहीतरी चढलं. कोणीतरी शेजारच्या खोलीत पिकलेला पेरू कापावा, तसं.

"पेरू," मी म्हटलं.

"पेरू," मारलीन मॅडम म्हणाल्या. "आणि लिंबाची साल. छान आहे. फारच छान."

ग्रीटने फिलिपकडे असं बघितलं, की मी मधे उभी राहिले.

मग चुन्याच्या दगडांपाशी. तिथे मणी चावला तर टोमॅटोच्या झाडाला हात लावल्यावर बोटांना येतो तो वास. आणि मग तळाला, हिरव्या अंधारात. मारलीन मॅडमनी मणी चावला, दुसरा चावला, पुढच्या वेलीवरचा तिसरा चावला.

"ढोबळी मिरची," त्या म्हणाल्या.

"काय?" फिलिप म्हणाला.

"कच्ची ढोबळी मिरची. आणि कापलेलं गवत. फिलिप, तुमची बाग एक नाही हो, तीन आहेत."

त्यांनी मग खरं काय ते सांगितलं. त्यांच्याकडे यंदा एक छोटी टाकी मोकळी होती. एलिमच्या एकाच उताराची वाइन वेगळी काढायची, बाटलीवर उताराचं नाव घालायचं, असं त्यांच्या मनात होतं. पण टाकी काठोकाठ भरायला हवी. अर्धी राहिली तर हवा लागून वाइन बिघडते. आणि द्राक्षं त्या पेरूच्या वासाचीच हवीत.

"माथ्यावरच्या मालाने अर्धीसुद्धा भरणार नाही," ग्रीट म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

"मग नेहमीसारखं. सगळा माल मोठ्या टाकीत."

मोठी टाकी म्हणजे आजूबाजूच्या सगळ्या गावांची द्राक्षं एकत्र. सासऱ्यांनी सगळा जन्म त्या उतारावर घालवला, पण आपल्या द्राक्षांची वाइन कशी लागते ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. आजारपणात एकदा ते मला म्हणाले होते, "पोरी, मी स्वयंपाकी आहे, पण मला कधी कोणी जेवायला बसवलं नाही." ते आठवलं आणि मी खाली बघत राहिले. फिलिपही.

पण घरी येईपर्यंत त्याचं दुःख जाऊन राग उरला होता.

"मिरची म्हणे! बाई सकाळी मिरची खाऊन आली असेल."

"आपण बघू ना," ग्रीट म्हणाली. हॉटेलातली बाई ती. दोन वाडग्यांत दोन्हीकडचे मणी कुस्करले, फडक्यातून गाळले, दोन सारख्या कपांत रस ओतला. फिलिपच्या डोळ्यांवर माझा एप्रन बांधला. कप माझ्या हातात दिले.

फिलिपने पहिला कप तोंडाला लावला. ट्रॉम्बोनवाल्याचे ते ओठ. रस गालांत फिरवला, डोकं मागे टाकलं. मग दुसरा कप. मग पुन्हा पहिला.

"हा," तो म्हणाला, पहिला कप उंच धरून. "हा माझा. याला वास आहे. आणि तो दुसरा... जाऊ दे, ग्रीटला वाईट वाटेल."

ग्रीटने ओठ दाताखाली धरला. शेवटी मा खुर्चीतून म्हणाली, "बोल, बोल. तिला काही वाईट वाटत नाहीये."

एप्रन काढल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणून मान हलवली; पहिला कप माथ्याचा होता. तेवढ्यात ग्रीटला हसू फुटलं, मग मला, आणि मा तर हसता हसता खोकायला लागली. फिलिप उठला आणि बाहेर छपरासाठी रचलेल्या वेताच्या मोळ्यांवर जाऊन बसला. जेवायला हाक मारली तरी येईना. मी स्नूक मासा आणि अंजिराचा मुरंबा ताटात वाढून बाहेर नेला, तेव्हा म्हणाला, "तू कशाला हसलीस?"

"तुझं तोंड बघून हसले. ताट धर."

ही गोष्ट बँडमध्ये कशी पोचली देव जाणे. रविवारी सरावाला कोणीतरी म्हणालंच, "ए मिरची, सूर दे!"

सोमवारी तो सकाळी एकटाच गेला. दुपारी मी डबा घेऊन गेले तर तळाच्या ओळींमध्ये जमिनीवर पानांचा खच. मारलीन मॅडम म्हणाल्या होत्या, सावलीत मिरची राहते, ऊन लागलं की जाते. हा पठ्ठ्या दोन्ही हातांनी पानं ओरबाडत होता. घड उघडे पडले होते, फिकट हिरवे, कधी ऊन न पाहिलेले.

"अरे, हळू! आणि ही दुपारच्या उन्हाची बाजू आहे!"

"वर तिच्या घडांना ऊन चालतं, माझ्या घडांना काय धाड भरलीय?"

दुसऱ्या दिवशी डोंगराकडून गरम वारा आला. श्वास घेतला तर नाक कोरडं पडावं असा. संध्याकाळी तळाला गेलो तर जिथे जिथे पानं काढली होती, तिथले मणी तपकिरी पडले होते, भाजल्यासारखे. लहानपणापासून सावलीत असलेलं पोर एकदम भर उन्हात उभं केल्यावर होईल तसं. फिलिपने एक घड हातात घेतला. मणी सुकून कातडं झाले होते. त्याचे खांदे एवढे खाली आलेले मी सासऱ्यांच्या मयतीलासुद्धा पाहिले नव्हते.

ग्रीट वरून उतरून आली. मला वाटलं, आता ही टोमणा मारणार. तिने थंड चहाची बाटली त्याच्या हातात दिली आणि त्याच्या शेजारी मातीत बसली.

"किती ओळी गेल्या?"

"चार. पाचवी अर्धी."

"बाकीच्या आहेत ना?"

"बाकीच्यांत मिरची आहे," फिलिप म्हणाला, आणि स्वतःच हसला. मग तीही हसली.

बसल्या बसल्या तिने हात लांब करून कडेच्या एका वेलीचा मणी तोडला आणि तोंडात टाकला. सवयीने. चावता चावता थांबली.

"दादा, हे बघ."

तिने दादा म्हटलं की फिलिप सावध व्हायचा. लहानपणी त्या हाकेमागून नेहमी काहीतरी मागणी यायची. पण त्याने मणी घेतला. मग मी घेतला. मिरची नव्हती. पेरू होता, मंद, पण होता.

फिलिप उठून वेलीच्या बुडाशी टाचेने माती उकरायला लागला. टाच खटकन अडकली. माथ्यावरचा तोच तपकिरी खडक, जमिनीखालून इथवर आला होता. ती वेल शेजारणींपेक्षा बारीक होती. फिलिप तिला आजवर रोगट म्हणायचा.

"म्हणजे तळातसुद्धा सगळं एक नाही," तो हळूच म्हणाला.

पुढचे दिवस आम्ही प्रत्येक वेल चाखली. गंमत नव्हती ती. सकाळच्या गारव्यात सुरू करायचं. ऊन चढलं की जीभ बधिर. दाढा आंबून जायच्या, भाकरी चावता यायची नाही. चांगल्या वासाच्या वेलीला चिंधी बांधायची. चिंध्यांसाठी माने समोरच्या खोलीचे जुने पडदे काढून दिले, लाल फुलांचे. "तुमच्या बापाला ते कधीच आवडले नाहीत," ती म्हणाली. मग तिलाही राहवेना. फिलिपने तिला गाडीत घालून आणलं, खुर्चीसकट मिल्कवुडच्या झाडाखाली बसवलं. आमचं एकमत झालं नाही की मणी तिच्याकडे न्यायचा.

मा डोळे मिटून चावायची, बी थुंकायची आणि निकाल द्यायची.

"ही बांध."

"ही नको. नळाचं पाणी पिल्यासारखं आहे."

"ही काय आहे? गवत कापायच्या यंत्राची?"

सगळा मार फिलिपलाच बसला असं नाही. ग्रीट माथ्याच्या समुद्राकडच्या कोपऱ्यातून मोठ्या थाटात घड घेऊन आली. तिथे वाऱ्याने वेली इतक्या झोडपल्या होत्या की पानंच उरली नव्हती.

"मा, हा माझा सगळ्यात वरचा. सगळ्यात चांगला."

माने चावलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. "हे काय, व्हिनेगर? याला वास कुठाय? नुसता आंबट."

"अगं, नीट चाव!"

"दात माझे खोटे आहेत, जीभ खरी आहे. नको ही ओळ."

ग्रीट तांबडी झाली. फिलिप आभाळाकडे बघत ट्रॉम्बोनचा एक लांब, पडत जाणारा सूर तोंडानेच काढू लागला. तिने त्याला मूठभर द्राक्षं फेकून मारली.

शेवटची चिंधी बांधली त्या संध्याकाळी आम्ही ओढ्याच्या पुलावरून मागे वळून पाहिलं. लाल फुलं साऱ्या उतारावर पसरली होती, पण कशीही नव्हे. माथ्याच्या मधल्या भागात दाट, तिथून एक वाकडातिकडा पट्टा खाली, चुन्याच्या दगडांना न जुमानता थेट तळाच्या कडेपर्यंत. जिथे खडक, तिथे चिंधी.

"आता हा पट्टा कोणाचा?" मी विचारलं.

बहीणभावांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आधी तोडू तरी," फिलिप म्हणाला.

तोडणीच्या दिवशी समुद्रावरून धुकं आलं होतं. शेजारच्या ओळीतला माणूस दिसत नव्हता, नुसत्या कात्र्यांचा आवाज. फिलिपचा सगळा बँड मदतीला आला होता. ट्युबावाला जोहान्स पोट सांभाळत वाकायचा आणि ओरडायचा, "मिरची, लाल चिंधीच ना?"

"लाल चिंधी! आणि भाजलेला मणी दिसला तर काढून टाक!"

"माझी पाठ भाजलीय, ती कुठे टाकू?"

धुकं उठेपर्यंत क्रेट भरून झाले. हात चिकट, बाह्यांना मधमाश्या. ऊन पडायच्या आत माल थंड पोचायला हवा म्हणून लगेच निघालो, मी आणि ग्रीट ट्रकच्या मागे क्रेटांवर बसून.

वाइनरीत मारलीन मॅडमनी पहिल्या क्रेटपासून शेवटच्यापर्यंत चाखत आणलं. पुढचा क्रेट, पुढचा क्रेट अशी बोटं हलवत राहिल्या. मग सगळं दाबयंत्रात गेलं, आणि आम्ही सावलीत बसून वाट पाहिली. रस टाकीत उतरला तशा त्या शिडीवर चढल्या. आत वाकून बघितलं. वरूनच त्यांचा आवाज आला.

"थोडी कमी आहे."

"किती?" फिलिपने विचारलं.

"हातभर."

ग्रीटने डोळे मिटून घेतले. एवढं केलं आणि हातभर. फिलिप मात्र पायाने जमीन टोकरत उभा होता, चोरी पकडली जाणार असल्यासारखा. मग तो ट्रककडे गेला आणि ताडपत्रीच्या घडीखालून क्रेट ओढायला लागला. भरलेले. चिंधी नसलेल्या वेलींचे.

"मिरची आणलीस?" ग्रीट किंचाळली. "चोरून?"

"म्हटलं, लागले तर. सकाळच्या उन्हाच्या बाजूचे आहेत, भाजलेले नाहीत. नको असतील तर परत नेतो. घरी मुरंबा करू."

मारलीन मॅडम शिडीवरून उतरल्या. त्यांनी एक मणी चावला. बराच वेळ चावला. मग एका कपात टाकीतला रस आणला, फिलिपचे दोन-तीन घड त्यात मुठीने पिळले, हुंगलं, प्यायल्या आणि कप ग्रीटकडे दिला.

ग्रीट हॉटेलच्या स्वयंपाकघरात राबलेली. तिला खोटं बोलायला जमलं नाही.

"चांगलं लागतंय," ती म्हणाली, दात काढावा लागल्यासारखी.

"नुसता पेरू गुळमट होतो," मारलीन मॅडम म्हणाल्या. "एवढी मिरची चालेल. पण एवढीच हं, फिलिप. ताडपत्रीखाली आणखी काही आहे का?"

"नाही, मॅडम," फिलिप म्हणाला. मग म्हणाला, "दोन आहेत."

"ते मोठ्या टाकीत."

परतीच्या वाटेवर तो सगळा रस्ता गात आला. ग्रीट क्रेटांवरून ओरडत होती, "सूर धर, मिरची!" आणि तो आणखी मोठ्याने गात होता. त्या आठवड्यात उरलेला माल नेहमीसारखा गेला, आणि चुन्याचे दगड बँडवाल्यांनी कोणाला न विचारता चूल मांडायला वापरले. ते परत जागेवर न्यायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. छाटणीला दोघं एकाच ओळीत, तारेच्या दोन बाजूंनी, एकमेकांच्या छाटणीला नावं ठेवत पुढे सरकत होते.

हिवाळा संपता संपता मारलीन मॅडमनी स्वतः बाटली आणून दिली. लेबल अजून लागलं नव्हतं. नाव काय द्यायचं ते विचारायलाच त्या आल्या होत्या. फिलिप म्हणाला बापाचं नाव, ग्रीट म्हणाली आईचं, आणि दोघांची जुंपली ती जुंपलीच. मी ग्लास शोधत होते. आमच्याकडे सारखे ग्लास नव्हते, म्हणून चहाचे मग काढले. चौघांना ओतलं. मग मला वाटलं, विचारावं तरी.

"मा, तू घेतेस?"

माने उभ्या जन्मात चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या घोटाखेरीज वाइनला तोंड लावलं नव्हतं. भांडण थांबलं. तिने माझ्या हातातला मग घेऊन दोन्ही हातांत धरला, बराच वेळ नाकाशी ठेवला. डोळे मिटले. खिडकीबाहेर कोणाच्या तरी छपरावर नवीन वेत ठोकत होते, त्याचा आवाज येत होता. ती प्यायली. गालांत फिरवली. तेव्हा मी पाहिलं, तिच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या होत्या.

"काय गं मा?" फिलिपने विचारलं. "कशी आहे?"

"आंबट आहे," मा म्हणाली.

मारलीन मॅडमचा चेहरा पडला. फिलिपने ग्रीटकडे बघितलं, ग्रीटने माझ्याकडे.

माने रिकामा मग माझ्यापुढे धरला.

"बघत काय बसलीस, डोरकस? ओत ना. तुझ्या सासऱ्याच्या वाट्याचीही मलाच प्यायचीय."